अर्धा ‘क’

दि. १४ मार्च, दुपारचे तीन वाजून दहा मिनिटे. इस्पितळाच्या धुलाईखान्यात बसलो आहे. चादरींची खेप यंत्रात आहे, ती निघायला चाळीस मिनिटं आहेत.

प्रिय दादा,

नमस्कार. आईचा गुडघा कुरकुरतो, तीही कुरकुरते, म्हणजे ठीक आहे. तुझा पत्ता आत्याकडून मिळाला.

काल इस्पितळानं ठेवलेल्या शिकवणीत आम्हा कामगारांना सिनेमातला एक प्रसंग दाखवला. कारखान्यातल्या एका माणसाचं दुसऱ्या पुरुषावर प्रेम असतं. त्याच्या कपाटावर कुणीतरी घाण शब्द लिहितं. मुकादम हसतो. सफाईवाली पुसते. तिसरा एक जण वाचतो आणि निघून जातो. मग शिकवणाऱ्या बाईंनी कागद वाटले: कोण कसं वागलं, दहापैकी गुण द्या.

आमचा इस्त्रीवाला म्हणाला, “जाणाऱ्याला पाच दे. त्यानं कुणाचं काय बिघडवलं?”

“काही न करता पाच मिळत असतील तर मीही उद्यापासून नुसती बसते,” शिवणवाली मावशी म्हणाली.

सगळे हसले. मी विचारलं, “बाई, कुणी त्या शब्दाचं शुद्धलेखन सुधारलं असतं तर?”

“असं कोण करेल?”

दादा, मी केलं होतं.

आपल्या दारावर कुणीतरी तुला उद्देशून खडूनं तसाच घाण शब्द लिहिला होता, तो आधी मी पाहिला. मी आठवीपर्यंतच शिकलो, पण चुकीचं लिहिलेलं दिसलं की माझे हात शिवशिवतात, तुला ठाऊक आहे. त्यात अर्धा ‘क’ राहिला होता. खडू उंबऱ्यावरच पडला होता. मी तो ‘क’ घातला. खांद्यावर टॉवेल होता, तरी पुसायचं सुचलं नाही. चूक दिसली आणि तू दिसला नाहीस, असं कसं होतं माणसाचं?

तेवढ्यात तू दार उघडलंस. माझ्या बोटांवरचा खडू पाहून म्हणालास, “अक्षर सुधारलंय तुझं.” आई उठायच्या आत तूच दार धुतलंस. दुसऱ्या दिवशी गेलास. दोन वर्षं मी विचार करतो आहे, तो अख्खा शब्द तुला माझाच वाटला का?

माझा फक्त अर्धा ‘क’ होता. फक्त म्हणायची मला लाज वाटते.

आईला वाटतं, तू नोकरीसाठी गेलास. आज घरी गेल्यावर तिला सांगणार आहे की दादा माझ्या वागण्यामुळे गेला. बाकीचं तुझं आहे, ते तुझं तू सांग किंवा सांगू नकोस.

उत्तर नाही दिलंस तरी चालेल, असं लिहिणार होतो. पण ते खरं नाही.

वाट पाहणारा,
तुझा धाकटा