परदेशी छापाचे पिकअप

डिंगोरे, ता. जुन्नर
७ फेब्रुवारी २००३

प्रिय दादा,

नमस्कार. इथं सगळं ठीक आहे. अण्णांच्या हाताचा कंप वाढलेला नाही. मोटर वाइंडिंगचं दुकान अजून तेच उघडतात, खुर्ची टाकून बसतात, आणि कुणी जळालेली मोटर घेऊन आलं की नुसत्या वासावरून सांगतात, पाणी शिरलं की फेज गेला. गुंडाळायला मात्र आता मी. आईनं तुझ्यासाठी शेंगदाण्याचे लाडू करून ठेवलेत, डब्याला मुंग्या लागायच्या आत ये.

फोनवर तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस, म्हणून लिहिते आहे.

तू पाठवलेल्या सहा जुन्या गिटारी एस.टी.च्या पार्सलनं मिळाल्या. चार कुठल्या तरी बंद पडलेल्या ऑर्केस्ट्रातल्या दिसतात, दोन कॉलेजच्या पोरांच्या. सगळ्यांचे तारांखालचे जुने पिकअप काढून टाकले. आतली तार सैल, जशी कुणी टीव्ही बघत गुंडाळलीय. माझे बसवले. नेहमीसारख्या दोन गुंडाळ्या शेजारी शेजारी, एक सुलटी, एक उलटी, म्हणजे जनरेटरची भणभण आपोआप मरते. वरून मधाच्या पोळ्याचं मेण पाजलं. आता कितीही मोठा आवाज केला तरी शिट्टी मारणार नाहीत. पुण्याच्या दुकानातल्या तुमच्या शेठना सांग, जुनी गिटार आहे, पण आवाज जुना नाही.

पार्सलमध्ये तू पाकीटही ठेवलं होतंस. सोनेरी अक्षरांतले, त्या परदेशी कंपनीच्या नावाचे चिकटवायचे छाप. ते मी लावलेले नाहीत. पाकीट जसंच्या तसं परत पाठवते आहे. यापुढंही लावणार नाही.

तू म्हणशील, दीड वर्ष लावलेस ना. लावले. माझ्या हातानं, ओळीत, जराही वाकडे जाऊ न देता. तू म्हणाला होतास, 'डिंगोऱ्याचं नाव वाचलं तर पुण्यातलं गिऱ्हाईक गिटारीला हात तरी लावील का?' मी ऐकलं. तुझा धाक होता म्हणून ऐकलं असं म्हणता आलं असतं तर बरं झालं असतं. खरं म्हणजे मलाही आपल्या गावाच्या नावाची लाज वाटली होती.

आता वाटत नाही. का, ते विचारू नकोस.

बाकी बातमी अशी की आणे गावाहून मला बघायला पाहुणे येऊन गेले. मुलाच्या मामांनी विचारलं, मुलगी काय करती? अण्णा म्हणाले, वाइंडिंग. मामांनी ऐकलं वेल्डिंग. म्हणाले, "ठिनग्यांनी तोंडबिंड भाजलं म्हंजी?" मी पोह्यांची बशी खाली ठेवली आणि त्यांना आत नेऊन मशीन दाखवलं. केसाहून बारीक तार दाखवली. म्हटलं, चुंबकाभोवती अशी सात-आठ हजार वेटोळी घालायची, एक तुटलं की सगळं फुकट, आणि ते डबडं गिटारीच्या तारांखाली बसलं की तारेचा आवाज उचलतं. मामा म्हणाले, "लई किचकट काम." आणि निघाले. पुन्हा आले नाहीत. आई दोन दिवस बोलत नव्हती. मी काम करत होते.

जानकू म्हणून एक गिटारवाले आले होते, नारायणगावच्या एका तमाशाच्या फडात वाजवतात. दुरुस्ती होती. करून दिली.

ओतूरच्या विपुलला नमस्कार सांग. तूच त्याला तुमच्या दुकानात चिकटवलास, तर त्याला सांभाळूनही घे.

उलट टपाली राग पाठवलास तरी चालेल. छाप पाठवू नकोस.

तुझी,
वृषाली


डिंगोरे
२१ फेब्रुवारी २००३

दादा,

एसटीडी बूथवर तू निरोप ठेवलास, 'वृषालीला सांगा, ती मला मेली.' निरोप मिळाला. बूथवाल्यानं चार माणसांसमोर सांगितला, त्यामुळे गावालाही मिळाला. मेलेलं माणूस पत्र लिहीत नाही, तेव्हा हे वाचताना मी जिवंत आहे हे धरून चाल.

मागच्या पत्रात जानकूंबद्दल दोन ओळी लिहून मी पळून गेले होते. आता सगळं लिहिते.

ते आले तेव्हा गिटार गोधडीत गुंडाळून आणली होती. पुण्याला तुमच्याच दुकानातून घेतलेली, घेऊन तीन महिने झालेले. आवाज मधेच जायचा. मला म्हणाले, "ताई, तार जोडायची आसंल तर जोडा, पन आतल्या डब्याला धक्का लावू नका. परदेशी माल हाय. हितं कुनाला जमायचा न्हाई."

मी स्क्रू काढले. आत माझं मेण. टोकाला मी घालते ती गाठ. वर माझ्याच हातानं लावलेला सोनेरी छाप. तारेच्या जोडावरची एक झाळ सुटली होती, दोन मिनिटांचं काम. मी ते वीस मिनिटं करत बसले. अण्णा खुर्चीवरून बघत होते. त्यांना छापाचं काहीच माहीत नव्हतं, पण गाठ त्यांनीच शिकवलेली. ते उठले, जवळ आले, वाकून बघितलं आणि मला म्हणाले, "मंग सांग की त्यांना."

एवढंच. मी सांगितलं.

जानकूंनी छापावरून अंगठा फिरवला. मग म्हणाले, "म्हंजी मी फडातनं सुट्टी काढून, दोन गाड्या बदलून, पुन्याहून डिंगोऱ्याचा माल आनला?" मला वाटलं गिटार माझ्या अंगावर टाकतील. ते चिडले, खूप चिडले, पण माझ्यावर कमी. "आवाजात खोट न्हाई," म्हणाले. "नावात हाय. नावाचं मी बघतो." आणि तडक पुण्याला गेले.

तिथं काय झालं ते तुला माहीत आहे, कारण तू तिथं उभा होतास. गिटार विकताना गिऱ्हाइकाशी बोलला होता विपुल, म्हणून जानकूंनी त्याचं नाव घेतलं. शेठनं सगळ्यांदेखत विपुलला चोर म्हटलं, छाप यानंच बाहेरून आणून चिकटवले म्हटलं, आणि दुकानाबाहेर काढलं. विपुलनं तुझ्याकडं बघितलं. तू काउंटरवर तारांची पाकिटं लावत राहिलास.

हे मला विपुलनं सांगितलं नाही. तो आठ दिवस घराबाहेरच पडला नव्हता. सांगितलं त्याच्या आईनं. मंगलाबाई स्वतः ओतूरहून आपल्या दारात आल्या. चप्पल न काढता उंबऱ्याबाहेरच उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "तुझ्या भावाला विचार, माझ्या मुलानं काय चोरलं? त्याचे वडील बाजारात मान खाली घालून चालतात." आई म्हणाली, आत या, चहा घ्या. त्या म्हणाल्या, "या घरचं पाणीसुद्धा नको."

सोमवारी मी पहिल्या गाडीनं पुण्याला आले. तू मुंबईला माल आणायला गेला होतास. शेठनं त्यांच्या पद्धतीनं तुला सांगितलंच असेल, आता माझ्याकडून ऐक.

दुकानात पाच-सहा गिऱ्हाइकं होती. मी म्हटलं, शेठ, ते पिकअप मी गुंडाळते. छाप तुम्ही सांगितले, माझ्या भावानं आणले, मी लावले. विपुलचा यात हात नाही. शेठ म्हणाले, बाई, आवाज खाली करा, आत बसून बोलू. मी म्हटलं, त्याला बाहेर बोललात, मलाही बाहेरच बोला. मग म्हणाले, पोलिसांना बोलावतो. म्हटलं, बोलवा, त्यांनाही हेच सांगते.

भिंतीवर माझ्या पिकअपच्या पाच गिटारी टांगलेल्या होत्या. मी स्टुलावर चढून एकेक काढली आणि नखानं छाप खरवडून पुन्हा जागेवर लावली. पाची. एक नख तुटलं, पण कुणी मला अडवलं नाही. एक कानात बाळी घातलेला पोरगा तेवढं म्हणाला, "ताई, मग ह्या नक्की कुठल्या?" मी म्हटलं, "डिंगोऱ्याच्या. ओतूरच्या पुढं." त्यानं तिथल्या तिथं एक गिटार लावून घेतली, डोळे मिटून वाजवली. शेठनं ती त्याच्या हातातून काढून घेतली.

माझ्यामुळे तुझी नोकरी गेली असेल तर गेली. त्याबद्दल मी माफी मागणार नाही. ज्याची मागायची होती त्याची मागितली. परतीच्या वाटेत ओतूरला उतरले, मंगलाबाईंच्या दारात उभी राहिले, आणि त्यांच्या शेजारणी ऐकत असताना सगळं सांगितलं. माझा वाटा आधी, मग तुझा. विपुल आतून बाहेर आला. मला पाणी दिलं.

आता त्यानं नारायणगावच्या स्टँडजवळ एक गाळा बघितलाय. जुन्या गिटारी तो विकत घेणार, मी त्यांत पिकअप घालणार, तो विकणार. प्रत्येकीच्या गळ्यात पुठ्ठ्याची चिठ्ठी: गिटार जुनी, किती वर्षांची, कुठं ठोकून दुरुस्त केलीय, आणि पिकअप डिंगोऱ्याला हातानं गुंडाळलेले. जानकूंनी आपली गिटार ठेवून घेतली. त्यांच्या फडातला दुसरा एक वादक परवा येऊन गेला. आई म्हणते, त्या विपुलबरोबर, वाण्याच्या मुलाबरोबर दुकान काढलंस तर गाव काय म्हणेल? मी म्हटलं, गाव म्हणतंयच, आई. बूथवर उभं राहून म्हणतंय.

दादा, लहानपणी माझ्यावर कुणी आवाज चढवला की तू मधे यायचास. विपुलच्या वेळी का आला नाहीस, हे मी रोज स्वतःला विचारते आणि रोज तुझ्या बाजूनं एखादं उत्तर शोधते. एकही टिकत नाही. तरी शोधते.

घर तुझं आहे. तुला यायचं असेल तेव्हा ये, पण ओतूरला आधी उतर. मंगलाबाईंच्या दारात चप्पल काढ, शेजारपाजार ऐकायला जागेवर आहे का बघ, आणि मोठ्यानं बोल. मग पुढची गाडी धर. ती गाडी चुकली तर चालत ये, मी चुलीवरचं जेवण उतरवणार नाही. ओतूर टाळून जुन्नरमार्गे आलास तर मात्र दार अण्णा उघडतील. मी उघडणार नाही.

धाकटी असून या एका गोष्टीत तुझ्यापुढं उभी राहिलेली, आणि तिथून न हलणारी,

वृषाली