समोरासमोर, आणि मग एकदा गोल

प्रिय मधू,

तू होतास तेव्हा तुला कधी पत्र लिहिलं नाही. लिहिणार तरी कशाला? अंबरनाथला, आनंदनगरच्या कारखान्यात आपली टेबलं शेजारीशेजारी, माझं ड्रॉइंगचं आणि तुझं ट्रेनिंगचं. संध्याकाळी निघताना तूच म्हणायचास, "चला कविराज, उरलेलं उद्या." आता ते उद्या येत नाही, म्हणून हे लिहितोय. कारखाना तुझी पुस्तिका नव्यानं छापतोय; तुझ्या त्या दोन ओळी त्यात ठेवायच्या की कापायच्या, हे ठरवायचं काम माझ्या गळ्यात आलंय आणि मला काही म्हणजे काही सुचत नाहीये!

कुठल्या ओळी, हे तुला सांगायला हवं का?

"गोल फिरू नको गड्या, समोरचा धर,
थोडं थोडं आवळत जा, घाई नको कर!"

कविता म्हणजे रिकाम्या पोटाचा ढेकर, असं मला आयुष्यभर ऐकवणारा तू. शाळेत गुरुजींनी कविता म्हणायला उभं केलं की तू खिडकीतून शिवमंदिराच्या बाजूची चिंच बघत बसायचास. आणि माझी एक ओळ कुणाला आठवत नाही, तुझ्या दोन मात्र तीन गावांत पाठ आहेत. हा कुठला न्याय रे?

तेव्हाचं आठवतं. दोन पाइप जोडायचे तर तोंडाच्या चकत्या, म्हणजे फ्लँज, एकमेकींना भिडवायच्या आणि भोवतीचे बोल्ट आवळायचे. ते कसे आवळायचे, याचं मानक इंग्रजीत, उशीला घ्यावं इतकं जाड. नवे फिटर ते हातात घेऊन नुसते घाम पुसायचे. तू जेवणाच्या सुट्टीत मराठीत छोटी पुस्तिका लिहिलीस आणि पहिल्या पानावर या ओळी टाकल्यास. पोरं पाना फिरवता फिरवता गाऊ लागली. जोडण्या सुधारल्या. मला तर तेव्हा वाटलं, शाळेतल्या कविता अखेर कारखान्यात नोकरीला लागल्या!

आणि आता बघ काय झालंय. मागच्या महिन्यात पाइपात दाबानं पाणी भरून चाचणी घेतली, तर एका जोडातून धार लागली. तुझ्या खुर्चीवर आता कोमल असते, हुशार पोरगी. तिनं फिटरला विचारलं, "शेवटची फेरी मारली होती का?"

"कुठली फेरी, मॅडम?"

"गोल. एकापाठोपाठ एक, सगळे बोल्ट."

"गोल? गोल फिरायचं नाय! मधू सरांचं स्टँडर्ड हाय ते." आणि त्यानं तुझ्या ओळी चालीत म्हणून दाखवल्या. सगळे हसले. कोमल हसली नाही. दुसऱ्या दिवशी ती मला, निवृत्त माणसाला, घरी गाठायला आली. म्हणाली, "काका, आज पाणी होतं म्हणून निभावलं. उद्या त्याच पाइपात वाफ असेल."

तुला ठाऊकच होतं ना? मानकात आधी समोरासमोर, म्हणजे एक बोल्ट झाला की थेट त्याच्या समोरचा, टप्प्याटप्प्यानं आवळायला सांगितलंय आणि सगळ्यात शेवटी एक फेरी गोल, एकही नट हलेनासा होईपर्यंत. तू ती फेरी लिहिली होतीस, पण चौथ्या पानावर. चौथं पान वाचतो कोण, मधू? गाणं पाठ झालं आणि पुस्तिका मिटली! एवढी एक गोष्ट ओळींत का नाही बसवलीस? मला विचारलं असतंस तर? नाही, मला विचारलं असतंस तर मी बारा कडवी केली असती, हेही खरंच.

बाहेर काय शिकवतात ते बघायला कोमलबरोबर उल्हासनगरला गेलो. तिथल्या फिटर क्लासमध्ये तुझं पहिलं पान फ्रेम करून लावलंय, हार घालून. फक्त पहिलं. खाली मालकानं स्वतःची भर घातलीय, "पहिल्यापासून फुल टाइट." मी म्हटलं, अहो, मूळ मानक कुठंय? तो म्हणाला, "अरे साईं, वो मोटा किताब कौन पढेगा? मधू सर का पन्ना ही अपना स्टँडर्ड है!" बदलापूरच्या क्लासात वेगळीच पुस्तिका, त्यात टप्पे निम्मे केलेत. दोन्हीवर नाव तुझं. तीन गावं, तीन मानकं! आणि उल्हासनगरला शिकलेला एका रीतीनं आवळतो, बदलापूरचा दुसऱ्या रीतीनं, त्याच पाइपावर.

कोमल म्हणते, "ओळी काढून टाकू काका, मानकाचं सरळ भाषांतर छापू." तिनं करून आणलेलं भाषांतर मी वाचलं. 'परिघानुक्रमे पुनःआवळणी,' म्हणजे तीच गोल फेरी! मधू, माझा जन्म या कामात गेला आणि मला तिसऱ्या ओळीला डुलकी लागली.

मग मांजर्लीला तुझ्या घरी गेलो. पुराच्या वर्षी वहिनींनी आधी तुझ्या पुस्तिकांचा गठ्ठा माळ्यावर चढवला होता आणि मग तांदूळ, हे तुला माहीत आहे का? सगळं ऐकून त्या म्हणाल्या, "भाऊजी, ह्यांचं आता एवढंच उरलंय लोकांच्या तोंडात. तेही पुसणार?" ओळी ठेवाव्यात तर उद्या कुणीतरी भाजेल, काढाव्यात तर तू दुसऱ्यांदा जाणार.

सोपं करायचं म्हणजे नेमकं काय करायचं, तूच सांग. गाळलं तर चुकतं, नाही गाळलं तर कुणी वाचत नाही. मी तिसरी ओळ जोडून पाहिली, "शेवटी मात्र गोल फिर..." आणि खोडली. ती भर म्हणजे चौथं मानकच की!

असा बसलो असताना गुरुजी आठवले. आपण गाईडातून कवितेचा सरळ अर्थ पाठ करायचो, कविता बाजूलाच. गुरुजींनी मग संदर्भासहित स्पष्टीकरणाचा दंडक घातला. आधी मूळ ओळ जशीच्या तशी, मग ती कुठल्या कवितेतली, आणि त्यानंतर आपलं शहाणपण. मूळ ओळ नसेल तर भोपळा! तू किती भोपळे खाल्लेस रे.

तसं करून पाहिलंय. एकच चौकट. वर मानकाचं वाक्य, कलमासकट, समोरासमोर आवळायचं. मधोमध तुझ्या ओळी, "पहिल्या टप्प्यांच्या आठवणीसाठी" असं लिहून. आणि खाली त्याच कलमाचं शेवटचं वाक्य, गोल फेरीचं. तुझ्या ओळींचा फोटो काढायला गेलं तर वरचं आणि खालचं वाक्य आपोआप येईल. शेवटी एवढंच, की हे समजण्यासाठी आहे, वाद झाला तर मूळ मानक उघडा. कोमलला पटलंय. मला? निम्मं. लोक याचाही तुकडा पाडणार नाहीत कशावरून?

म्हणून शब्द देतो. छापून झालं की एक फेरी मी स्वतः मारीन, गोल. उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर. प्रत्येक ठिकाणचं जुनं पान उतरवून नवी चौकट लावीन आणि पुन्हा जाऊन बघीन, काही हललंय का. ज्या दिवशीच्या फेरीत काही हललेलं नसेल, त्या दिवशी मांजर्लीला वहिनींकडे जाऊन ती चौकट मोठ्यानं वाचीन. मधल्या दोन ओळी मात्र त्यांनाच म्हणायला लावीन.

उरलेलं आज करतोय रे.

तुझा,
कविराज