मावशीने सांगितलं ते

लालबाग,
रविवार, १६ नोव्हेंबर २०२५

प्रिय दर्शना,

सकाळी बांगडे आणले, साफ करून ठेवले. विनीत क्लासला गेला. मी ठीक आहे, तूही असशील. माझगावला तुझ्या यजमानांचा गुडघा आता कसा आहे?

विनीतची लक्ष लागण्याची गोळी सुरू झाली. ईसीजी, इको केला, चालत्या पट्ट्यावर पळवूनही पाहिलं. हृदय चांगलं आहे, असं हृदयाच्या डॉक्टरांनी लिहून दिलं, मगच गोळी दिली. तीही अगदी कमी ताकदीची. ठोके थोडे वाढतील, म्हणाले. पण छातीत दुखलं, खेळताना चक्कर आली किंवा धडधड थांबलीच नाही, तर गोळी बंद करून लगेच यायचं. परीक्षा आहे म्हणून जास्तीची गोळी घ्यायची नाही. नाडी कशी मोजायची ते मला शिकवलं. मी मोजतो तेव्हा विनीत दुसऱ्या हाताने टेबल वाजवत असतो.

भूक जरा कमी झालीय. पण परवा गणिताचा पेपर पूर्ण सोडवून आला. मध्ये एकदाही उठला नाही.

गोळीसाठी आपण डॉक्टरांकडे गेलो त्या दिवशी घरात कोणाला चक्कर, हृदयाचा त्रास आहे का, असं डॉक्टरांनी विचारलं. मी नाही म्हटलं. याची आई जिन्यात पाय घसरून गेली, एवढंच सांगितलं. तेव्हा तू म्हणालीस, "भाऊजी, ताई शाळेत प्रार्थनेला उभी असतानाही पडायची. स्थळ मोडेल म्हणून आईने कोणाला बोलू दिलं नाही." डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. आधी हृदयाची तपासणी, गोळी नंतर, म्हणाले.

मी तुला बसस्टॉपवर सोडून निघून आलो. तुझे फोन घेतले नाहीत.

विनीत म्हणतो, "मावशी खरं बोलली ना? मग तिचा फोन कट का करता? बाबा, लक्ष तुमचं नसतं, गोळी मला!"

राग तुझा नव्हता. इतकी वर्षं संसार केला आणि सीमाने मला सांगितलं नाही, याचा होता. मी तिला परत पाठवलं असतं, असं तिला वाटलं असेल का? आता कोणाला विचारू? तिला नक्की काय झालं होतं, तेही आता कळणार नाही, असं डॉक्टर म्हणाले.

आईचा शब्द मोडून तू बोललीस. तुला ते जड गेलं असणार. मुलाची तपासणी तुझ्यामुळे झाली. हे फोनवर मला बोलता आलं नसतं.

पुढच्या रविवारी जेवायला या.

विनीत उशिरा येईल. भात लावतो आणि मी जेवून घेतो.

तुझा,
भाऊजी