प्रकाशाचं प्रदर्शन, रविवारी सहा वाजता

३० नोव्हेंबर १९८७
मेहुणा आत्माराम मस्कतहून होम कॉम्प्युटर घेऊन आला. टीव्हीला जोडायचा. (टीव्हीही त्यानेच बहिणीला, म्हणजे आमच्या सावित्रीला दिलेला.) अकरा वर्षं शाळेत पोरांकडून आंबे रंगवून घेतले. बस झालं. यापुढे मी थेट प्रकाशात काम करणार. ब्रश माळ्यावर टाकले.

३ डिसेंबर
पहिली कलाकृती पूर्ण. निळा चौकोन. सावकाश जांभळा होतो. सावित्रीला दाखवला. बातम्या वेळेवर लागतील ना, एवढंच तिने विचारलं. घरात कदर नसते.

५ डिसेंबर
प्रोग्रॅम टेपवर साठवावा लागतो. सावित्रीची आरत्यांची कॅसेट वापरली. आरत्या तिला पाठच आहेत.
हेडमास्तरांना सांगून टाकलं, प्रदर्शन झालं की राजीनामा देतो. ते बरं म्हणाले. धक्का बसला असणार.

१३ डिसेंबर, रविवार, दुपार
आज सहाला उद्घाटन. वेळ मुद्दाम निवडली. आळीत टीव्ही आमचाच, त्यामुळे तेव्हा सगळे आमच्याकडेच असतात. भाषण पाठ.

तोच दिवस, सात वाजता
अपूर्व गर्दी. ओटीवर पाय ठेवायला जागा नाही. पाऊण तास चौकोन बदलत होता, एक माणूस हललं नाही. असे रसिक मुंबईला मिळायचे नाहीत.
मग शेजारच्या हौसाकाकी हळूच म्हणाल्या, "मास्तर, टॉवर बिघाडलाय काय? पिक्चर कवा लागल?"
भाषण राहून गेलं.

१४ डिसेंबर
सावित्रीने टीव्ही उचलून हौसाकाकींकडे नेऊन ठेवला. माझ्या माहेरचा आहे म्हणाली. कॉम्प्युटर इथेच आहे. प्रकाश तेवढा गेला.
राजीनामा मीच पुढे ढकलला. हेडमास्तरांनी आठवीचे आंबे तपासायला दिले. ब्रश खाली काढले, तात्पुरते.

२० डिसेंबर, रविवार
हौसाकाकींकडे पिक्चरला गेलो. निव्वळ तांत्रिक निरीक्षणासाठी. हेडमास्तरही सहकुटुंब आलेले. ऐन मारामारीत चित्र गेलं आणि 'रुकावट के लिए खेद है' अशी पाटी आली. सगळे पाटीकडे बघत राहिले. बऱ्याच वेळाने हौसाकाकी माझ्याकडे वळल्या.
"मास्तर, आजचां बरां झालां हां. अक्षरां तरी हायत."
सगळ्यांनी माना डोलावल्या. हेडमास्तरांनीसुद्धा.
मी उठून हात जोडले.