मागच्या खोलीचा खटला

ता. ३ जून

चि. भिंगरीस आजीचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. तू लिहितेस, आजी, आता तुला फोन वापरता येतो, मग पत्र कशाला? अगं, मी फोनपुढे बोलते एक आणि तो लिहितो भलतंच. ते ‘सभ्य भाषेत लिहा’ तू चालू करून दिलंस तेव्हापासून माझ्या तोंडचा एक शब्द धड बाहेर पडलेला नाही. घरच्यांशी तरी माझ्या तोंडाने बोलू दे. अक्षर कोंबडीच्या पायाचं आहे, शिक्षण चौथी नापास आहे, पण दोन्ही माझं आहे.

तुझा तो फोनवरचा चर्चेचा कट्टा मात्र झकास. जन्मभर शाळेचे गणवेश शिवले, तर लोकांनी मला विचारलं काय, खिसा डावीकडे लावू का उजवीकडे. आता सकाळी चहाचा कप घेऊन बसते आणि सरकारने काय करावं ते सांगते. कोणी ऐकत नाही. पण ऐकत तर घरचेही नव्हते.

एकच माणूस सगळ्याचा विचका करतो. नाव ‘जागरूक नागरिक’, शेजारी टोपीचं चित्र, म्हणून मी त्याला टोपीवाला म्हणते. रिकामटेकडा पेन्शनर असणार. म्हणतो काय, कोर्टात माणूस नको, यंत्र बसवा, यंत्र तारखा देत नाही. मी फोनला सांगितलं, अरे टोणग्या, यंत्राला लाज असते का? माझ्या मशीनने माझं बोट शिवलं तर ते थांबून चुकलं म्हणत नाही, पुढचा टाका घालतं. फोनने लिहिलं, ‘आदरणीय सदस्य, यंत्रांच्या ठायी पश्चात्तापाची भावना नसते, याकडे आपले लक्ष नम्रपणे वेधावेसे वाटते.’ मला त्याचे कान उपटावेसे वाटतात आणि फोनला लक्ष वेधावेसे वाटते. तू कट्ट्याची राखणदार ना? मग तो कोण, कुठला, ते मला कळव. नाहीतर हाकल त्याला.

आता घरची बातमी. तुझ्या मावशीआजीच्या घरमालकाने इमारत पाडायला काढली. महिनाअखेर बेबीला खोली सोडायची आहे. फोनवर तिच्याशी बोलून उपयोग नाही. टेलिफोन ऑफिसात जन्मभर लोकांची बोलणी जोडून दिली आणि येताना कान तिथेच ठेवून आली. तिला पत्राने कळवलं की मी मागची खोली रिकामी करते आहे. ये असं लिहिलं नाही. शहाण्याला इशारा पुरे. तिच्या पुतण्यानेही तिला बोलावलंय म्हणे.

एक गोष्ट खरी, बेबी ज्या घरात शिरते तिथल्या वस्तू जागच्या हलतात. मागे आली होती तेव्हा माझी कात्री मला फुलदाणीत सापडली. फुलं होती त्यात. याला काही कायदा आहे का ते कट्ट्यावर विचारावं म्हणते.

जेवत जा. माया आहे तशीच आहे, लिहून दाखवायची मला सवय नाही.

तुझी आजी

*

ता. ६ जून

चि. भिंगरीस मावशीआजीचा गोड आशीर्वाद.

बाळ, तू मला कट्ट्यावर बसवलंस आणि माझा एकटेपणा पार पळाला. कान गेले तरी तिथे सगळं ऐकू येतं. तू म्हणालीस म्हणून माझं नाव कोणाला सांगितलेलं नाही, अक्कालासुद्धा नाही. टोपीचं चित्र आपण लावलं ते चांगलं दिसतं. लोक मला दादा म्हणतात, काही साहेब म्हणतात. मी त्यांची चूक सुधारत नाही.

तिथे एक ‘शांत सरोवर’ म्हणून आहेत. निवृत्त प्रोफेसर असणार, भाषाच तशी. मखमलीत गुंडाळून जोडा हाणतात. मी यंत्राच्या कोर्टाबद्दल लिहिलं की हे पश्चात्ताप घेऊन हजर. जिन्यात कॅमेरे बसवा म्हटलं तर म्हणाले, ‘चोरापेक्षा शेजाऱ्यांचीच अधिक चित्रे निघतील, असे विनम्र मत आहे.’ इतका आगाऊ माणूस मी पाहिला नाही. पण ते आले नाहीत तर दिवस अळणी जातो.

काल त्यांनी सल्ला विचारला. ‘एक निकटवर्तीय व्यक्ती कायमच्या वास्तव्यास येत असून त्यांना वस्तूंच्या जागा बदलण्याची सवय आहे. कायदा काय म्हणतो?’ मेहुणा असेल बिचाऱ्यांचा. मला पहिल्यांदा त्यांची दया आली. मी लिहिलं, कायद्याची वाट पाहू नका. दार उघडायच्या आधी लेखी अटी घाला आणि सही घ्या, अशी माणसं पाय पसरतात. त्यांनी माझे आभार मानले. खरंच मानले.

माझं म्हणशील तर काही ठरत नाही. अक्का लिहिते, मागची खोली रिकामी करते आहे. म्हणजे मला बोलावते आहे का भाडेकरू ठेवते आहे? पुतण्याच्या घरात दिवा लावायचा तर भिंतीला मोठ्याने विनंती करावी लागते. भिंत उत्तर देते, ते मला ऐकू येत नाही, आणि मी अंधारात बसते. मला अक्काकडेच जायचं आहे. पण बोलावल्याशिवाय कशी जाऊ? तिने एक शब्द लिहिला तर मी आजच पेटी भरेन.

तब्येत सांभाळ, आणि मावशीआजीची आठवण अधूनमधून काढत जा.

तुझी बेबीआजी

*

ता. १० जून

ती. आजीस सा. न. वि. वि.

तुझं पत्र आणि मावशीआजीचं पत्र, दोन्ही मी एकाच टपालात फोडली. ठसका लागून चहा नाकात गेला. याहून जास्त मला लिहिता येत नाही, आणि का येत नाही तेच सांगायला हे पत्र.

जागरूक नागरिक कोण ते मी सांगणार नाही. आमच्या ऑफिसात सगळ्यांकडून लिहून घेतलंय की कट्ट्यावरच्या कोणाची ओळख फोडणार नाही. तो मसुदा मीच केला होता, आणि ‘सख्ख्या आजीलाही नाही’ हे शब्द मीच गंमत म्हणून घातले होते. आमच्या साहेबांना ते इतके आवडले की त्यांनी ते ठळक करून भिंतीवर लावलेत. आज दिवसभर मी त्या भिंतीकडे बघते आहे.

आजी, तुझ्या पाया पडते. यंत्राबद्दल, सरकारबद्दल, रस्त्यावरच्या खड्ड्यांबद्दल कट्ट्यावर हवं ते भांड. घरातलं मात्र तिथे विचारू नकोस. विशेषतः टोपीवाल्याला विचारू नकोस. आणि त्याला सल्ला तर देऊच नकोस. मावशीआजीला सरळ ‘ये’ असं लिही. एक अक्षर आहे. फोनलासुद्धा त्यात सभ्य करण्यासारखं काही सापडणार नाही.

रागावू नकोस, आणि माझ्यावरचा हात काढू नकोस.

तुझी भिंगरी

*

ता. १३ जून

चि. बेबीस आशीर्वाद.

इकडे सगळं ठीक. मागची खोली झाली. चिंध्यांचे गठ्ठे काढले तर खाली एक खिडकी निघाली, ती असल्याचं मी विसरूनच गेले होते.

जाणत्या माणसाकडून मला कळलं की एका छपराखाली राहायचं तर सगळं आधी लेखी असावं, म्हणजे मागून तोंडं वाकडी होत नाहीत. म्हणून लिहिते. माझी कात्री, टेप आणि बॉबिनचा डबा कोणी हलवायचा नाही. ‘मी फक्त पुसत होते’ हे कारण चालणार नाही. टीव्ही तुला ऐकू येईल इतका मोठा लावला तर कोपऱ्यावरच्या दुकानदारालाही बातम्या कळतील, तेव्हा अक्षरं वाचावीत. सकाळी माझा चहा होईपर्यंत कोणी मत मांडायचं नाही. दुपारी मी झोपले की झोपले, मेली का ते हलवून बघायचं नाही. खाली सही करून कागद परत पाठव.

बाकी तू सुज्ञ आहेस. निदान धाकटी तरी आहेस.

अक्का

*

ता. १७ जून

ती. अक्कास सा. न. वि. वि.

तुझा कागद मिळाला. सही केली नाही. करणारही नाही. कुठल्या गाढवाने तुला हे शिकवलं? अक्का, आपण एका पांघरुणात वाढलो. तेव्हा अर्धं पांघरूण तू ओढायचीस, ते मी कधी लेखी मागितलं होतं का?

मी चिडून बसले नाही, शहाण्या माणसांना विचारलं. तुझं नाव काढलं नाही. आपली अब्रू झाकायला असं विचारलं, की माझ्या ओळखीच्या एका गृहस्थांना घरच्याच माणसाने राहण्याच्या अटी लिहून दिल्या आहेत, त्यांनी काय करावं? तिथे एक विद्वान प्रोफेसर आहेत. त्यांचं आणि माझं कधीही पटलेलं नाही. मी पूर्व म्हटलं की ते पश्चिम. त्यांनी या वेळी लिहिलं, ‘ज्या दारावर अटी टांगलेल्या असतात ते घर नसून कचेरी असते. स्वाभिमानी व्यक्तीने तेथे पाऊल ठेवू नये.’ रोज भांडणारा माणूस ज्या दिवशी हो म्हणतो, त्या दिवशी ते खरंच असतं.

तेव्हा मी पुतण्याकडे जाते आहे. अठ्ठावीसला त्याचा टेम्पो येईल. भिंतीशी बोलायची सवय करीन. तुझ्याशी बोलण्यापेक्षा फार वेगळं नसेल.

राग मानू नकोस असं लिहायची रीत आहे. मान खुशाल.

बेबी

*

ता. २१ जून

भिंगरी, आशीर्वाद मागाहून.

तुला सगळं ठाऊक होतं. तू इकडे येशील तेव्हा कान घेऊनच ये.

प्रोफेसर मी आहे. मी. बेबीच्या पत्रात माझंच वाक्य मला वाचायला मिळालं. मी फोनला म्हणाले होते, दारावर अटी टांगतात ते घर आहे का कचेरी, थुंक त्या दारावर आणि चालू लाग. थुंक तेवढं फोनने पुसून घेतलं, बाकी माझंच. मला वाटलं, टोपीवाल्याच्या सुनेने त्याला कागद दिला. मनात म्हटलं, कसली बाई असेल ती. आता कळलं कसली. आरशातली.

आणि अटी घाल म्हणून मला शिकवणारा तो जाणता माणूस कोण, तर बेबी. ती विचारते कुठल्या गाढवाने शिकवलं. पत्ता देऊ का तिला?

निस्तरायचं म्हणून मी कट्ट्यावर गेले. फोनला म्हटलं, मी चुकले, त्या माणसाला सांगा की अटी फाडून खुशाल राहायला जा. तर कट्ट्यावर हाहाकार. एकाने विचारलं, शांत सरोवराचा फोन चोरीला गेला का? दुसरा म्हणाला, कट्ट्यावर मत बदललेला माणूस त्याने पहिल्यांदाच पाहिला, हे बेकायदा तर नाही ना? आणि बेबी काय लिहिते, ‘प्रोफेसर, तुम्हाला कोणी विकत घेतलं?’ मी जितकं जा म्हणते तितकी ती नाही म्हणते. लहानपणापासून हेच. चूक माझी, मी विसरले की ती तीच आहे.

तू लिहिलंस, एक अक्षर आहे. अगं, तेच जड आहे. उभ्या आयुष्यात मी तिला ये म्हटलेलं नाही. ती न विचारता यायची, मी वैतागायची, आणि आमचं छान चाललं होतं. आता शेजारच्या पत्र्यावर मांजराचं पाऊलही वाजलं तरी मी दाराकडे बघते. हे कोणाला सांगू नकोस. तुला नाहीतरी तोंड बंद ठेवायचा पगार मिळतो.

आजी

*

ता. २१ जून

बेबी,

ये.

अटींचा कागद फाडला. बॉबिनच्या डब्याखाली पाचर हवी होती, तिथे लावला.

तुझा तो प्रोफेसर मी आहे. भिंगरीने फोनमध्ये सभ्यपणा घातलाय, त्याने घोळ केला. मी बोलते ते तो धुऊन इस्त्री करून देतो. आणि मला अटी घालायला सांगितलंस ते तूच, टोपी घालून. आपण दोघींनी एकमेकींना एकमेकींपासून वाचवलं. पुरे झालं.

पुतण्याचा टेम्पो येईल, तर टेम्पोवाल्याला माझा पत्ता दे. खिडकीला पडदा शिवते आहे. रंग विचारणार नाही, तू नावं ठेवशीलच.

अक्का

*

ता. २५ जून

ती. अक्कास शि. सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. अक्का, माणसाने खोटं बोलावं, पण अंगाला बेतेल असं. जन्मभर मापं घेतलीस आणि हे एवढं ढगळ कसं शिवलंस? तू प्रोफेसर? तुझ्या तोंडून मी आजवर ‘आदरणीय’ हा शब्द ऐकलेला नाही, आणि ऐकू येत होतं तेव्हाचं सांगते आहे. त्या माणसाने मला ‘मतभेद असला तरी आपल्याविषयी आदर आहे’ असं लिहिलंय. तू मला शेवटचं चांगलं बोललीस ते माझ्या लग्नात, तेही सासूशी बोलते आहेस असं वाटून. आणि मी सल्ला दिला तो प्रोफेसरांच्या मेहुण्याबद्दल. तुझा त्यात काय संबंध?

भिंगरीने तुला कट्ट्यावरचं सगळं सांगितलं असणार, आणि त्यातून तू ही गोष्ट रचलीस. पोरीची नोकरी जाईल, म्हणून मी कुठे बोलणार नाही.

पण रात्री अंथरुणावर पडल्यावर मनात आलं, की मला आणायला अक्काने एवढं मोठं खोटं रचलं. माझ्यासाठी कोणी इतके कष्ट केलेले नाहीत. पुतण्याने नुसता टेम्पो ठरवला. म्हणून टेम्पोवाल्याला तुझा पत्ता दिला आहे. अठ्ठावीसला दुपारी पोचते. तुझी झोप मोडेल, त्याला इलाज नाही. पडद्याचा रंग निळा नसेल एवढं बघ.

एकच मागणं आहे. त्या सज्जन माणसाचं नाव पुन्हा असं वापरू नकोस. आले की शेजारी बसून तुला त्यांचं लिहिणं वाचून दाखवीन. या वयात का होईना, चार माणसांत कसं बोलावं ते शिकशील.

घराचं दार आणि तुझं मन, जे आधी उघडेल ते उघडं ठेव.

तुझी,
बेबी