साठ गॅलनची टाकी आणि ताईचे केस

मुक्काम क्वार्टझाइटबाहेरचं वाळवंट,
जानेवारी (तारीख आमच्या ह्यांना, डेल्बर्टला, विचारावी लागेल, आणि आज मी त्यांना काही विचारणार नाही)

प्रिय आर्विलाताई,

दोन्ही हात जोडून नमस्कार लिहिणार होते, पण एका हातात पेन आहे आणि दुसऱ्या हाताने बिस्किटला धरून ठेवलंय (कुत्र्याला, खायच्या बिस्किटाला नव्हे), तेव्हा नमस्कार मनानेच घे. तुझा गुडघा कसा आहे? युमाची हवा मानवली का? पत्त्यांत अजून सगळ्यांना लुबाडतेस ना? माझी पाठ बरी आहे. डेल्बर्टची तब्येत उत्तम आहे आणि स्वभावही पहिल्यासारखाच ठणठणीत आहे, त्याला कसलंही औषध लागू पडलेलं नाही. तुझ्या शेजारच्या एडनाचा फोन आला होता. ती म्हणाली, आर्विला येत्या शनिवारी केस कापायला निघालीये, अगदी मानेपर्यंत. मी म्हटलं, काहीतरीच काय! त्यावर मी मागाहून बोलेन, कारण आधी टाकीचं सांगायचंय, आणि टाकीचं सांगितल्याशिवाय केसांचं सांगता येत नाही.

गेल्या फेब्रुवारीत तू रागावून गेलीस ते मी विसरलेले नाही. तुझ्या ट्रेलरला न्हाणी नाही, म्हणून तू आमच्या घरगाडीत अंघोळीला येत होतीस, आणि सहाव्या दिवशी आमचा पंप खोकला नि नळ कोरडा पडला. इथल्या लोकांची रीत तुला ठाऊकच आहे. माणूस किती शिकला, मुलं काय करतात, हे कुणी विचारत नाही. संध्याकाळी शेकोटीभोवती खुर्च्या मांडल्या की एकच विषय, एका टाकीत कोण किती दिवस काढतं. जो आधी गावात पाणी भरायला जातो त्याच्याकडे लोक अशा नजरेने बघतात की जणू पोरीच्या लग्नातून जेवण न देता पाहुणे परत पाठवले. तर आमच्या ह्यांना गाडी काढावी लागली, आणि ती नामुष्की झाकायला हे सगळ्यांदेखत म्हणाले, "साठ गॅलन हो! सहा दिवसांत! आमच्या ताईंचे केस प्यायले सगळं." सगळे हसले. तू हसली नाहीस. आपल्या नॉर्थ डकोटाच्या माणसांत भांडण असं होतच नाही. माणूस नुसतं "बरं, निघावं म्हणते" म्हणतो आणि वर्षभर दिसत नाही. तू सकाळी ट्रेलर जोडलास आणि निघालीस. मला फार लागलं गं ते. तुझी खुर्ची आम्ही नंतर तिथेच ठेवली होती, पण रॉस्कोने (शेजारचा, मोठ्या बसवाला, तो आठवत असेल) त्यावर पाय ठेवायला सुरुवात केली, म्हणून आत घेतली.

यंदा आल्या आल्या मी ह्यांना म्हटलं, टाकी साठ गॅलनची आहे हे तुम्हाला कुणी सांगितलं? म्हणाले, कंपनीने. मी म्हटलं, कंपनीने तर गाडीत सहाजण झोपतात असंही सांगितलंय. (सहाजण झोपतील, पण आधी त्यांना बेशुद्ध करावं लागेल.) मी जन्मभर शाळेच्या स्वयंपाकघरात काढला, ताई. दहा गॅलनच्या पातेल्यात दहा गॅलन सूप कधीच होत नाही. काठापर्यंत भरता येत नाही आणि डाव तळाला पोचत नाही. पण हे पडले वजनकाट्यावरचे. धान्याच्या कोठारावर उभी हयात गेली, आख्ख्या तालुक्याचा गहू यांनी तोलला. यांना पातेल्याचं उदाहरण चालत नाही. म्हणाले, "मोजून दाखवतो. साठाच्या खाली अर्धा गॅलन जरी निघाला तर शेकोटीसमोर उभा राहून ताईंचं नाव घेऊन सांगेन." मी म्हटलं, बघा हं. हे म्हणाले, बघतेस काय, लिहून घे. म्हणून लिहितेय.

पहिल्या दिवशी टेप घेऊन गाडीखाली शिरले. शिरले ते शिरलेच. लांबी झाली, रुंदी झाली, आणि उंची मोजताना पट्टा कशाततरी अडकला. मग आतून आवाज, "अगं, जरा ओढ." काय ओढू ते सांगेनात. मी जो पाय हाताला लागला तो ओढला. इकडे बिस्किटला वाटलं खेळ चाललाय, त्याने तोंड चाटून चाटून यांचा चष्मा पळवला. बाहेर आले तेव्हा हिशेब त्रेसष्टचा. टाकीच्या बाहेरून मोजून टाकीच्या आतलं पाणी काढलं होतं यांनी! वर मलाच म्हणतात, बघ, कंपनीने तीन गॅलन जास्तच दिलेत. मी कंपनीला फोन लावला. एका मुलीने इतक्या गोड आवाजात सांगितलं की राग येईना, म्हणाली, काकू, साठात गरम पाण्याच्या बंबातलं पाणीही धरलेलं असतं. बंबाचे सहा तिथेच गेले. हे म्हणाले, फोनवरच्या माणसाचं काय खरं? तोलल्याशिवाय मी मानत नाही.

तर दुसऱ्या दिवशी आमची वरात हमरस्त्यावरच्या ट्रकवाल्यांच्या काट्यावर. बेत असा, की टाकी भरलेली असताना गाडी तोलायची, मग तळाची चावी सोडून सगळं पाणी काढायचं, पुन्हा तोलायची, आणि फरकाला एका गॅलनच्या वजनाने भागायचं. बेत चांगला होता, खोटं कशाला बोलू? पहिलं तोलणं झालं. मग पाणी सोडायला गाडी मागे घेताना मी फक्त एवढंच म्हटलं, की जरा डावीकडे बघा, खांब आहे. तर म्हणाले, "चाळीस वर्षं मी ट्रक काट्यावर घेतलेत, तू मला खांब दाखवू नकोस." मला आला राग. बिस्किटला काखेत मारलं, उतरले आणि समोरच्या हॉटेलात जाऊन केळ्याचा केक मागवला. (चांगला होता. वरची साय जरा गोड होती, पण चांगला होता.) तोवर ह्यांनी दुसरं तोलणं उरकलं, आणि हॉटेलात आले ते नाचतच. टाकी पंचाहत्तर गॅलनची निघाली! मी शेवटचा घास तोंडात घातला, यांच्याकडे पाहिलं, बिस्किटकडे पाहिलं, आणि विचारलं, "अहो, पहिल्या वेळी मी कुठे होते?"

ताई, तो चेहरा तू बघायला हवा होतास. आख्ख्या तालुक्याचा गहू तोललेला माणूस, आणि स्वतःची बायको पाण्यात धरली! मग हळूच जवळ येऊन म्हणतात, काही बिघडलं नाही, तुझं वजन वजा केलं की झालं, किती आहे? म्हणजे आता जगातलं सगळं ज्ञान माझ्या वजनाशी येऊन अडलं होतं. मी म्हटलं, ते मी डॉक्टरलाही सांगत नाही. हे म्हणाले, अंदाजे तरी सांग. मी म्हटलं, तुम्हीच अंदाज करा. लग्न टिकवायचंय एवढं कळण्याइतकी अक्कल त्यांना आहे, त्यामुळे तो विषय तिथेच बारगळला. येताना गाडीत कुणी बोललं नाही, फक्त बिस्किटला साय बाधली होती, तोच अधूनमधून बोलत होता.

मग माझा मार्ग. दुधाचे गॅलनचे रिकामे कॅन घ्यायचे, टाकी भरायची, नळ सोडायचा आणि कॅन मोजायचे. शाळेतली कुठलीही पोर सांगेल. यांनी त्यातही डोकं लावलं. मी म्हटलं, भरलेले कॅन बाहेर झुडपांना घाला. हे म्हणाले, रॉस्कोच्या देखत पाणी ओतू? गाव काय म्हणेल! मोजायचं आणि सिंकमध्येच रिकामं करायचं. सिंकमधलं पाणी कुठे जातं, ताई? सांडपाण्याच्या टाकीत. ती भरली की कुठे येतं? न्हाणीत. आणि आमच्या न्हाणीत काय असतं? यांची वाजवायची पेटी, ते अकॉर्डियन. (तू गेल्यापासून न्हाणी पुन्हा कपाटच झालीय.) तिसाव्या कॅनच्या सुमाराला आतून गुडगुड असा आवाज आला. हे म्हणाले, पंपाचा असेल. दार उघडलं तर पेटी साबणाच्या पाण्यात बसलेली. हे "अरे देवा, अरे देवा" करत उचलायला धावले, आणि उचलताना तिने असा एक सूर काढला की शेजारपाजारची पाच-सहा माणसं दारात गोळा झाली. रॉस्कोने टोपी काढली. दुःखाने काढली असं मला वाटलं नाही, त्याने गेली तीन वर्षं तीच दोन गाणी ऐकलीत.

तर त्या गर्दीसमोरच, छत्तिसाव्या कॅनला, पंप खोकला. नळ कोरडा. छत्तीस, ताई! यांचं तोंड एवढंसं झालं. म्हणाले, पंप नादुरुस्त असणार. मी डाव घेतला, गाडीखाली वाकले आणि पातेलं ठोकतात तशी टाकी ठोकून पाहिली. पुढे पोकळ, मागे गच्च. आणि माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. दरवर्षी हे गाडीच्या पुढच्या चाकांखाली फळ्या घालून तोंड वर करून ठेवतात, का तर छपरावरच्या पट्ट्यांना हिवाळ्यातलं ऊन सरळ मिळावं आणि वीज जास्त यावी. पंपाची नळी टाकीच्या पुढच्या टोकाला. पाणी बिचारं सगळं मागे जाऊन बसलेलं! मी उठले, हात झटकले आणि म्हटलं, "अहो, फळ्या काढा." यांनी गाडी सुरू केली. फळ्या काढल्या, गाडी सपाट झाली, नळ सोडला, आणि आणखी नऊ कॅन भरले. हे नऊ मात्र झुडपांनाच घातले, रॉस्कोच्या देखत. तळाचं थोडं राहिलं ते राहिलंच, डाव तिथे पोचत नाही.

आता हिशेब तूच कर. गेल्या वर्षीही फळ्या होत्याच. म्हणजे तुझ्या वेळी टाकीतून आलं असेल ते छत्तीस, साठ नव्हे. तीन माणसं, सहा दिवस. स्वयंपाक, भांडी, अंघोळी आणि तुझे कमरेपर्यंतचे केस, सगळं माणशी रोज दोन गॅलनमध्ये! तू पाणी उधळलं नाहीस गं, तू तर या वाळवंटात विक्रम केलास. मी हे रात्रीच्या शेकोटीला मोठ्याने सांगितलं. रॉस्कोची बायको म्हणाली, मग त्या बाईला उगीचच बोललात हो. हे विस्तवाकडे बघत बसले. उभे राहून सांगणार होते ना? उठले, आणि आत जाऊन झोपले. "चुकलं" हा शब्द यांच्या घराण्यात कुणी उच्चारलेला नाही. सासऱ्यांनी एकदा शेजाऱ्याचं कुंपण ट्रॅक्टरने आडवं केलं, तर सासूबाईंनी भट्टीत भाजलेली हॉटडिश, भांडंभर जेवण, नेऊन दिली आणि हवापाण्यावर बोलून आले. मला वाटलं होतं, एवढ्या पुराव्यानंतर तरी तोंड उघडेल. वाईट वाटलं मला, ताई. तुझ्यापेक्षा जास्त वाटलं असेल. बाकी सगळं क्षेम आहे.

तुझी धाकटी,
व्हर्लिन

ता. क. त्या शनिवारच्या केसांचं राहिलंच. कापू नकोस. आईने विंचरलेले केस आहेत ते. एका टाकीपायी आणि एका हट्टी म्हाताऱ्यापायी कापायचे नाहीत. तेवढ्यासाठीच हे एवढं लांबलचक पत्र लिहिलंय, टाकीचं मला काय पडलंय! शनिवारी न्हाव्याकडे जाण्याऐवजी इकडे ये. तुझी खुर्ची पुसून ठेवलीय.

ता. क. २. येताना तुझे ते दोन मोठे निळे पाण्याचे कॅन भरून आण हं. तू निर्दोष आहेस हे खरंच, पण पंचेचाळीस म्हणजे तिघांना जरा कमीच पडतं.

ता. क. ३. हे सकाळपासून गाडी घेऊन कुठे गेलेत कोण जाणे. न सांगता गेलेत, मी नि बिस्किट बाहेर खुर्च्यांवर. आले की पत्र टपालात टाकायला देते. वाचायचं नाही अशी ताकीद देऊन.

ता. क. ४. ताई, मी डेल्बर्ट. पत्र वाचलं. निळे कॅन आणू नका. रॉस्कोचा मोठा ड्रम मागून घेतला आणि गावात पाण्याच्या दोन खेपा मारून आलो, भर दुपारी, सगळ्यांनी बघितलं. फळ्या रॉस्कोला दिल्या. अकॉर्डियन आता पलंगाखाली ठेवलंय, न्हाणी रिकामी आहे. तुम्ही केस न धुता या.