त्या दिवशीचं सांबार

ता. औराद, जि. बिदर
रविवार, १२ सप्टेंबर २००४

विमलअक्कास रेणुकाचा जयभीम.

हा शब्द मी पहिल्यांदाच लिहायले. चुकला असंल तर तुझा सुगत हसंल, हसू दे. पुण्यात लेकाकडं करमायलंय का? इथं उडदाची काढणी चालू हाय. तुझी शेळी व्याली, दोन करडं झाली. शेजारची चंद्रम्मा त्यांना नीट बघायली.

शाळेत पोरांचा भात-सांबार आता तुझ्या जागी शोभाबाई करती. मी अजून हाताखालीच. कमिटीचा अध्यक्ष चन्नबसप्पा तिचा दीर. मग काय, हम करे सो कायदा!

तुला काढायच्या अर्जावर माझी सही हाय, हे तुझ्या कानावर आलंच असंल. अक्का, अर्ज कन्नडात होता. शोभाबाई घरी आली, गळ्यात गळा घालून म्हणली, "पोरांच्या आजारपणाचा अर्ज हाय गं, टाक सही." मी टाकली. मला कन्नड वाचता येत न्हाई, तुला ठाऊकच हाय.

उद्या तालुक्याचा साहेब चौकशीला यायलाय. चन्नबसप्पा काल दारात उभा राहून बजावून गेला, "जे लिहिलंय तेच बोल. न्हाईतर तूबी घरी बस." माझ्या घरात दुसरं कमावतं माणूस न्हाई. शोभाबाई पाठीवरून हात फिरवायली, "मी हाय ना तुझ्या मागं." व्हय, मागंच हाय ती, ढकलायला.

वर मी खोटं लिहिलंय. खोडत न्हाई, राहू दे तसंच.

सही करायच्या आधी माझ्या प्रतीक्षानं सगळा अर्ज मराठीत सांगितला होता. विमलबाईच्या हातचं खाऊन चार पोरं ओकली, असं त्यात होतं. पोरगी म्हणली, "आई, त्या दिवशी विमलमावशी गावातच नव्हती." मी तिला गप बस म्हणले.

तू डोळे दाखवायला बिदरला गेलतीस. सांबार माझ्या हातचं होतं. आदल्या दिवशीची डाळ उरली होती, आंबूस वास येत होता. नवी शिजवायचा कंटाळा केला, तिखट वाढवून रेटलं. लक्ष्मम्माचं पोर दोन दिवस सलाइनवर होतं, अन् मी तुझ्या नावाआड दडून बसले. तू मला तुझ्या ताटातलं वाढलंस, अन् मी हे केलं. लाज वाटायली गं.

सोमवार, दुपार

पत्र टाकलं न्हाई, बरं झालं.

बोलले, अक्का. शाळेच्या पटांगणात, सगळ्यांसमोर. चन्नबसप्पा ओरडला, "बाई खुळी झाली, साहेब!" शोभाबाईनं लेकराच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली की अर्जाचं तिला काहीच ठाऊक न्हाई. लक्ष्मम्मा माझ्या अंगावर धावून आली. येऊ दे, पोर तिचं होतं. मी जागची हलले न्हाई.

साहेबाला म्हणले, माझा जबाब मराठीत लिहून घ्या. मोठ्यानं वाचला, मग सही केली. मला उद्यापासून कामावर येऊ नको म्हणून सांगितलं. तुझ्यावरचा ठपका काढून तुला परत घ्या, असं साहेबानं लिहून नेलंय. चन्नबसप्पा आडवा पडणारच. तयारीनं ये.

जाता जाता साहेबानं विचारलं, "बाई, हे सगळ्यांना ठाऊक होतं, त्या दिवशी विमलबाई गावात नव्हती. मग कोणी बोललं कामून न्हाई?"

मी म्हणले, "माझं नाव घेतलं असतं तर लोकांनी चूक कशी झाली ते विचारलं असतं. तिचं नाव घेतलं, तर काही विचारायची गरजच पडली न्हाई."

हे मला सही करतानाच ठाऊक होतं, अक्का. त्याच भरवशावर केली मी सही.

माफ कर असं लिहायला हात धजंना. तू ये.

रेणुका